सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आलं, आता पुढे काय?

पोट दुखतं म्हणून किंवा मुतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी होते. खडा निघत नाही, पण अहवालाच्या तळाशी ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ अशी एक ओळ असते. त्या ओळीवरून माहूर, किनवट, हदगाव, अहमदपूर, निलंगा अशा गावांतले वाचक पुन्हा पुन्हा तेच विचारतात. कॅन्सर तर नाही ना होणार? आम्ही दारूला शिवत नाही, मग हे आलं कुठून? तूप बंद करू का? गोळी कोणती? काहींना उलट सांगितलं जातं की हे आजकाल सगळ्यांनाच असतं, सोडून द्या. घाबरलेला माणूस नको ती औषधं विकत घेतो आणि निर्धास्त झालेला पाच-सात वर्षं वाया घालवतो. दोघांनाही एकच गोष्ट कळायला हवी, ती म्हणजे आपल्या लिव्हरवर व्रण आहेत का. हे शोधण्याची पहिली पायरी तालुक्याच्या गावीच, साध्या रक्ततपासणीत होते.

ग्रेडवर अडकू नका

यकृताच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. सोनोग्राफीला ती साधारण २०-३० टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच नीट दिसते. म्हणजे सोनोग्राफी नॉर्मल आली तरी थोडी चरबी असू शकते. ग्रेड १, २, ३ हे चरबी किती दिसली याचे आकडे आहेत. लिव्हरचं किती नुकसान झालं, ते त्यातून कळत नाही.

नुकसान मोजतात ते व्रणांवरून. चरबीमुळे काहींच्या लिव्हरला सूज येते, सूज वर्षानुवर्षं राहिली की पेशींच्या जागी कडक धागे तयार होतात. डॉक्टर त्याला फायब्रोसिस म्हणतात आणि त्याच्या पायऱ्या एफ० ते एफ४ अशा लावतात. एफ४ म्हणजे सिरोसिस. पुढची दहा-वीस वर्षं कशी जातील हे या पायरीवर ठरतं. ग्रेड ३ असूनही व्रण नसलेला माणूस ग्रेड १ आणि एफ३ असलेल्या माणसापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. इतकंच नव्हे, व्रण फार वाढले की चरबी कमी होत जाते. तेव्हा ‘ग्रेड ३ वरून १ वर आलो’ म्हणून पेढे वाटण्याआधी व्रणांचं काय ते विचारा.

नव्या अहवालांवर ‘एनएएफएलडी’ऐवजी ‘एमएएसएलडी’ लिहिलेलं दिसेल. २०२३ मध्ये नाव बदललं, आजार तोच आहे.

दारू नाही, जाडीही नाही, तरी का?

जेवणानंतर रक्तात साखर वाढली की इन्सुलिन यकृताला सांगतं, आता साखर बनवणं थांबव आणि आलेली साठव. पोटावर चरबी वाढली, हालचाल घटली की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. एवढं करूनही यकृत साखर बनवणं थांबवत नाही आणि साखरेपासून चरबी बनवण्याचं कामही जोरात चालू ठेवतं. त्यातच पोटाकडची चरबी वितळून रक्तावाटे यकृताकडे येत राहते.

ही चरबी येते कुठून, याचा माग अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ साली काही रुग्णांत काढला. यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के अंगावरच्या चरबीतून आली होती, २६ टक्के यकृताने साखर-पिठापासून स्वतः बनवली होती आणि थेट खाण्यातल्या तेला-तुपातून आलेली फक्त १५ टक्के होती. म्हणून तूप बंद करून चहात दोन चमचे साखर चालू ठेवली तर फारसं काही साधत नाही.

‘मी तर काडी आहे’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचं संशोधन महत्त्वाचं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची होती. आपली बाळं हाडामांसाने बारीक असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं शेजारी शेजारी छापली. दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखेच.

म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचं असतं, युरोपियनांसारखी २५ ची वाट पाहायची नसते. काट्यापेक्षा टेप जास्त खरं सांगतो. श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे धोका सुरू होतो. शर्ट सैल आणि पँटचा हुक लागेना, असं असेल तर तुम्ही ‘बारीक’ नाही.

पहिल्या फेरीत काय करून घ्यायचं

भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. त्यामुळे सुरुवात गावातल्या आशाताईंपासून करता येते. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म त्या भरतात. त्यात वय, कंबर, तंबाखू, दारू, हालचाल आणि घरातला मधुमेह यांना गुण असतात. एकूण गुण ४ च्या वर गेले तर तपासणीत तुमचा नंबर आधी लागला पाहिजे. तो फॉर्म भरून घ्या आणि गुण विचारा.

त्यानंतर ग्रामीण रुग्णालयात या तपासण्या मागा:

- एसजीओटी, एसजीपीटी आणि सीबीसी. सीबीसीतला प्लेटलेटचा आकडा महत्त्वाचा आहे.
- उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, जमल्यास एचबीएवनसी.
- कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड.
- हिपॅटायटिस बी आणि सी. हे वगळल्याशिवाय ‘फक्त चरबी आहे’ असं कुणी म्हणू नये. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.
- रक्तदाब. लिव्हरचा रुग्ण बऱ्याचदा लिव्हरआधी हृदयविकाराने दगावतो.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. तिथे जी तपासणी होत नाही, तिचे नमुने बहुतेक ठिकाणी ‘महालॅब’ या प्रयोगशाळेकडे जातात. अहवाल कधी येणार ते विचारून ठेवा आणि त्या दिवशी जाऊन घ्या. आणायलाच कुणी न गेलेले अहवाल पुष्कळ पडून असतात.

दारूबद्दल डॉक्टरांना खरं सांगा. मोहाची, देशी, लग्नातली, सगळी धरून आठवड्याला किती. इथे दडवलं तर निदानच चुकतं. फॅटी लिव्हर ठरल्यावर सुरक्षित असं प्रमाण नाही, पूर्ण बंद करणं हाच सल्ला आहे.

फिब-४: घरी काढता येणारा आकडा

व्रणांचा अंदाज देणारा हा आकडा याच रक्ततपासण्यांतून निघतो. तुमचं वय गुणिले एसजीओटी. त्याला दोन गोष्टींच्या गुणाकाराने भागायचं: प्लेटलेट, हजारांत, आणि एसजीपीटीचं वर्गमूळ. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं.

उदाहरण पाहा. वय ४८, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख म्हणजे २००. वर ४८ × ४० = १९२०. खाली २०० × ८ = १६००. उत्तर १.२.

- १.३ पेक्षा कमी: पुढच्या पायरीचे व्रण असण्याची शक्यता कमी. गावातल्या डॉक्टरांकडेच उपचार चालू ठेवा.
- १.३ ते २.६७: फायब्रोस्कॅन हवा. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची मर्यादा २.० धरतात.
- २.६७ च्या वर: थांबू नका, पोटविकार किंवा यकृततज्ज्ञांकडे जा.

मधुमेह असलेल्या प्रत्येकाने, सोनोग्राफी झाली नसली तरी, हा आकडा काढून घ्यावा. ३५ वर्षांखाली तो नीट लागू पडत नाही.

आता यातला मोठा खड्डा. पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, तापाची साथ असते आणि तापात प्लेटलेट उतरतात. वरच्याच माणसाचे प्लेटलेट तापात १ लाख २० हजार झाले, तर बाकी काहीही न बदलता आकडा १.२ वरून २.० वर जातो. म्हणून ताप उतरून प्लेटलेट पूर्ववत झाल्यावरच, साधारण महिनाभराने, हिशेब करा.

दुसरा खड्डा किनवट-माहूर आणि लगतच्या यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातल्या वाचकांसाठी. इथल्या गोंड, परधान, आंध आणि इतर समाजांत सिकलसेल आढळतो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे एचबीएवनसी खोटी कमी येऊ शकते आणि एसजीओटी खोटी वाढलेली. तुमचं सिकलसेल कार्ड असेल तर ते आधी दाखवा. मधुमेहासाठी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच धरायला सांगा. रक्त फार कमी असलेल्या बायकांनाही एचबीएवनसी फसवते.

फायब्रोस्कॅन कुठे, कसा

ही सुईची तपासणी नाही. बरगडीवर यंत्र टेकवून लिव्हर किती कडक झालं ते मोजतात. आधी निदान तीन तास काही खायचं नाही. अहवालात दोन आकडे येतात. एक चरबीचा आणि दुसरा कडकपणाचा, किलोपास्कलमध्ये. दुसरा आकडा ८ च्या खाली असेल तर बहुधा चिंता नाही, १२ च्या वर असेल तर तज्ज्ञ हवेत.

तज्ज्ञांचा सल्ला लागला तर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. माहूरकरांना यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय महाविद्यालय नांदेडपेक्षा जवळ पडतं, जिल्हा वेगळा म्हणून संकोच करू नका. ग्रामीण रुग्णालयातून संदर्भचिठ्ठी घेऊन जा. निघण्याआधी पोटविकाराची ओपीडी कोणत्या वारी असते हे फोनवर विचारा. एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं वाया जाणं परवडत नाही.

मोफत शिबिरात फायब्रोस्कॅन झाला असेल तर तो अहवाल जपा. पण शिबिरातच लगेच तीन महिन्यांची औषधं लिहून दिली, तर ती घेण्याआधी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

खरं औषध: किती वजन, किती दिवसांत

वजन ५ टक्के उतरलं की चरबी कमी होऊ लागते. ७ टक्क्यांना बऱ्याच जणांची सूज ओसरते. १० टक्क्यांना व्रणसुद्धा मागे हटू शकतात. ७० किलोच्या माणसासाठी हे आकडे साडेतीन, पाच आणि सात किलो होतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो, याहून घाई नको. नुसत्या पाण्यावर राहून झटपट वजन उतरवलं तर लिव्हरची सूज उलट वाढू शकते. बारीक माणसाला ३ ते ५ टक्केही पुरतात.

सुरुवात चहापासून करा, कारण आपल्याकडे साखर पोटात जाण्याचा तो सर्वांत मोठा मार्ग आहे. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आसपास थांबा म्हणते. गुळाचा चहा हा पर्याय नाही, लिव्हरच्या दृष्टीने गूळ आणि साखर एकच. थंड पेयं, डब्यातला ज्यूस, बिस्किटं यांनाही हेच लागू. बिनसाखरेची कॉफी मात्र लिव्हरला चांगली असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

भाकरीबद्दल सांगायचं तर ज्वारी गव्हा-तांदळापेक्षा बरी, पण ज्वारी आहे म्हणून चौथी भाकरी चालत नाही. ताटात आधी भाजी आणि वरण वाढा. अंबाडी, मेथी, चवळी, शेवगा यांपैकी जी मिळेल ती. तुरीचं घट्ट वरण, मटकी, हरभरा, अंडी, दही, मासळी. लातूरची बोरसुरी तूरडाळ भौगोलिक मानांकन मिळवते आणि लातूरच्याच घरात वरण पातळ पाण्यासारखं असतं, हे बदलायला हवं. भातच असेल तर एक वाटी घेऊन थांबा. तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर. करडई, शेंगदाणा यांत अदलाबदल चालेल, मोजमाप सोडू नका. शाकाहारी आणि माळकरी घरांत बी-१२ ची कमतरता फार आढळते, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी ती आणखी वाढवते. वर्षातून एकदा बी-१२ तपासा.

नवरात्रात माहूरला रेणुकामातेच्या गडावर येणाऱ्या आणि नऊ दिवस उपवास धरणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्टमय असतो. त्यात बटाटा आणि साखर पडली की उपवास लिव्हरला जेवणापेक्षा जड होतो. भगर थोडी, शेंगदाण्याची आमटी, दही, ताक, राजगिरा, काकडी यांवर दिवस काढा. तांबूलाचा प्रसाद घ्या, प्रसादाएवढाच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर घटस्थापनेआधी डॉक्टरांना भेटा, उपाशीपोटी साखर धोकादायक उतरू शकते.

शेतात राबतो, आणखी व्यायाम कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं. कापूस वेचणीचे आणि सोयाबीन काढणीचे दिवस मोजा, मग उरलेले महिने मोजा. त्या महिन्यांत रोज अर्धा तास दम लागेल असं चालायला हवं. गडाच्या पायऱ्या जवळ असतील तर त्याहून चांगलं काही नाही. वजन तसूभर हललं नाही तरी व्यायामाने लिव्हरमधली चरबी उतरते. तेव्हा काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नका.

औषधांच्या दुकानात

- ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटल्यांनी व्रण जातात असा भरवशाचा पुरावा नाही. ते पैसे अंड्यांवर आणि डाळीवर घाला.
- व्हिटॅमिन ई काही निवडक रुग्णांनाच देतात. स्वतःहून घेऊ नका.
- कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी ‘लिव्हर खराब होईल’ म्हणून बंद करू नका. फॅटी लिव्हरमध्ये ती सुरक्षित आहे आणि हृदयासाठी गरजेची असते.
- गुळवेलीचा काढा महिनोन् महिने घेऊ नका. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. पण ज्याचं लिव्हर आधीच दुखावलेलं आहे, त्याने हा धोका का पत्करावा? कोणतीही झाडपाल्याची औषधं चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका.
- नव्या औषधांबद्दल बरेच जण विचारतात. सारोग्लिटाझारला भारतात २०२० मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेझमेटिरॉमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला, व्रण असलेल्या पण सिरोसिस न झालेल्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. फिब-४ कमी असेल तर यांचा विचार करण्याचं कारण नाही.

पैसा आणि हक्क

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्ड असलेल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ही योजना भरती होऊन घ्यायच्या ठराविक उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या तपासण्या आणि गोळ्या तिच्यात बसत नाहीत. भरती व्हावं लागलं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, बिल झाल्यावर नाही. चौकशीसाठी १५५३८८.

महाराष्ट्रात जानेवारी २०२१ च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं आहे. औषधं त्यांच्याच दुकानातून घ्या, तपासणी त्यांच्याच लॅबमध्ये करा, अशी सक्ती करता येत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. तुमची वैद्यकीय कागदपत्रं लेखी मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवीत.

आरोग्य विमा काढताना फॅटी लिव्हर लपवू नका. आधीच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवू शकते, लपवलं तर मात्र दावाच अडकतो.

थांबायचं नाही अशी लक्षणं

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, डोळे पिवळे होणं, पोट पाण्याने फुगणं, पायांवर सूज, बोलण्यात गोंधळ किंवा दिवसा न आवरणारी झोप. यांपैकी काहीही दिसलं तर १०८ बोलवा. काविळीची माळ घालण्यात किंवा नाकात थेंब टाकून घेण्यात दिवस घालवू नका. घरचे म्हणतील की आधी माळ, मग दवाखाना, तेव्हा घरातल्या एकाने ठाम राहावं लागतं.

पुन्हा कधी तपासायचं

फिब-४ कमी आणि मधुमेह नाही, तर दोन ते तीन वर्षांनी. मधुमेह असेल, किंवा पोट सुटलेलं असून रक्तदाबही वाढलेला असेल, तर दरवर्षी. कंबर आणि वजन महिन्यातून एकदा वहीत लिहा. सिरोसिस ठरला असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही, कारण कॅन्सरची गाठ लहान असताना तशीच सापडते. आणि तुम्हाला फॅटी लिव्हर निघालं असेल तर भावाबहिणींची आणि अठरा वर्षांवरच्या मुलांची कंबर आणि साखर याच महिन्यात मोजून घ्या.